बीजातील तेवीस सूत्रे

१८७० सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड निवर्तले. मागे पुत्र नव्हता. गादीवर हक्क सांगू शकणारे त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव हे थोरल्या भावाच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून कित्येक वर्षे पादरा येथे अटकेत होते. त्यांना सोडवून बडोद्यास आणण्यात आले. परंतु महाराणी जमनाबाई गरोदर असल्याचे कळले आणि सारेच चित्र पालटले. इंग्रज सरकारने मल्हाररावांच्या हाती कारभार दिला, पण अट घालून. महाराणींना मुलगा झाला, तर गादी त्या मुलाची. अशा परिस्थितीत राजवाड्यात राहणे आपल्या व गर्भाच्या जिवास धोक्याचे आहे असे वाटून महाराणी रेसिडेन्सीच्या आश्रयाला जाऊन राहिल्या. पुढे सात महिने बडोदे शहर एका बाळंतपणाकडे डोळे लावून बसले होते. दोन्ही पक्षांनी किती देव पाण्यात ठेवले असतील, कोण जाणे! ५ जुलै १८७१ रोजी महाराणी प्रसूत झाल्या. मुलगी झाली. तिचे नाव ताराबाई. ती पुढे सावंतवाडीच्या राजघराण्यात दिली गेली. मल्हाररावांची गादी पक्की झाली, जमनाबाई पुण्यास निघून गेल्या, आणि १८७५ साली मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले तेव्हाच परतल्या. त्यानंतर त्यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच श्रीमंत सयाजीराव महाराज.

इतिहासकारांनी या प्रकरणाचा राजकीय अंगाने पुष्कळ ऊहापोह केला आहे. येथे त्याची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. सारे संस्थान ज्या निर्णयाची सात महिने वाट पाहत होते, तो निर्णय खंडेराव महाराज हयात असतानाच लागून गेलेला होता. आणि तो राणीच्या उदरात नव्हे, तर महाराजांच्या स्वतःच्या देहात तयार झालेल्या एका सूक्ष्म कणात लिहिलेला होता. मूल मुलगा व्हावे की मुलगी, हे पित्याकडून येणारा शुक्रजंतू ठरवितो. आईच्या बीजाचा त्यात मतदानाचा हक्क नाही. १८७१ मध्ये हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. शुक्रजंतू हा प्राणी-जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, एवढे डच कापडव्यापारी लेव्हेनहुक याने १६७७ मध्येच पाहिले होते. परंतु तो स्त्रीबीजात शिरतो आणि दोघांची केंद्रके एकत्र येतात, हे हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रातील एका काटेरी प्राण्याच्या अंड्यांत पाहून प्रसिद्ध केले ते १८७६ साली. आणि नर-मादीचा निवाडा शुक्रजंतूंतील एका विशिष्ट सूत्रावर अवलंबून असतो, हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने पिठातल्या किड्यांवर प्रयोग करून दाखविले ते १९०५ साली.

विज्ञानाला हे कळावयास उशीर लागला, याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण ज्ञान आले तरी समाजाची भाषा बदलली नाही, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आपल्या मराठीत मूल न होणाऱ्या बाईला 'वांझ' म्हणतात. तोच शब्द न विणाऱ्या म्हशीला आणि फळ न धरणाऱ्या झाडाला लावतात. पुरुषाला काय म्हणतात? 'निपुत्रिक'. या शब्दात दोष नाही, दैव आहे; ऐकणाऱ्याच्या मनात कीव उत्पन्न होते, तिरस्कार नव्हे. पुरुषाच्या बाबतीत जो दुसरा शब्द आहे तो षंढत्वाचा. आणि तो मुळी या प्रश्नाला लागूच पडत नाही. धडधाकट देहाचा, संसारसुखास सर्वथा समर्थ असा पुरुष शुक्रजंतूंच्या अभावी अपत्यहीन असू शकतो. या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात, आणि या गल्लतीच्या भयानेच पुष्कळ नवरे तपासणीला जात नाहीत. बायकोच्या मात्र तपासण्या होतात, औषधे होतात, नवससायास होतात, आणि शेवटी घरात सवत येते किंवा तिची माहेरी रवानगी होते. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूला काही ना काही न्यून असते, कधी एकटे तर कधी पत्नीच्या न्यूनासह, असा आजच्या वैद्यकाचा अनुभव आहे.

आपले पूर्वज या बाबतीत अधिक मोकळे होते, असे म्हणावेसे वाटते. महाभारतात विचित्रवीर्य निःसंतान मरतो आणि पांडू शापामुळे संततीला मुकतो. कुरुकुळाचा वंश ज्या अडचणीत सापडतो ती सारी पुरुषांच्या बाजूची आहे, आणि ग्रंथकार ती झाकून ठेवीत नाही. चरक-सुश्रुतांनी शुक्रदोषांचा स्वतंत्र विचार केला आहे. मध्यंतरीच्या काळात ही दृष्टी कोठे लोपली, हा समाजशास्त्रज्ञांचा विषय आहे. विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून असे विषय उघडपणे मांडले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. असो.

आता या 'सूत्रां'कडे वळू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात अतिसूक्ष्म धाग्यांचा एक गुंता असतो. पेशी विभागावयाची वेळ आली की हे धागे आखूड व जाड होतात आणि रंग दिला असता सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना रंगसूत्रे म्हणत. आईबापांचे गुण तेच वाहून आणतात म्हणून आता गुणसूत्रे हे नाव रूढ झाले आहे. माणसात ती किती? टेक्सासच्या पेंटर या संशोधकाने १९२३ मध्ये पुरुषांच्या वृषणातील पेशी तपासून उत्तर दिले, अठ्ठेचाळीस. त्यानंतर तेहेतीस वर्षे जगभरच्या विद्वानांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि अठ्ठेचाळीसच मोजले. फळ्यावर एकदा चुकीचे उत्तर लिहिले गेले की वर्गातली हुशार मुलेही तेच उतरवून घेतात, त्यातलाच हा प्रकार. १९५६ मध्ये जावा बेटात जन्मलेले जो हिन त्जियो आणि स्वीडनचे आल्बर्ट लेव्हान यांनी ती मोजून शेचाळीस असल्याचे सिद्ध केले, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फोर्ड व हॅमर्टन यांनी वृषणातील पेशींत तेवीस जोड्या पाहून त्या आकड्याला दुजोरा दिला.

हे साधले ते काही घरगुती वाटाव्या अशा युक्त्यांनी. पेशी पातळ द्रवात ठेवून फुगविली की गुंता सैल होतो. विभाजन ऐन मध्यावर थांबविण्यासाठी कॉल्चिसिन नावाचे द्रव्य वापरतात. हे द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदातही असते. खेड्यापाड्यांतल्या सुइणी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून जी वनस्पती वापरीत, आणि जिला त्यावरूनच हे नाव पडले, तिच्यातले विष गुणसूत्रे पाहावयास उपयोगी पडावे, हा योगायोग मोठा मजेचा आहे. (कळलावी अत्यंत विषारी आहे, तिच्या वाटेस कोणी जाऊ नये हे बरे.) पुढे रक्तातील पांढऱ्या पेशींना विभाजनास प्रवृत्त करण्यासाठी राजम्याच्या दाण्यातून काढलेले द्रव्य उपयोगी पडते असे आढळले, आणि तेव्हापासून थोड्याशा रक्तावर कोणाचीही गुणसूत्रे पाहता येऊ लागली. छायाचित्र घेऊन त्यातले धागे कापून काढावयाचे आणि कवायतीला मुले उंचीप्रमाणे उभी करावीत तसे जोडीजोडीने मांडावयाचे. बावीस जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच. तेविसाव्या जोडीत स्त्रीपाशी दोन 'एक्स', पुरुषापाशी एक 'एक्स' आणि एक ठेंगणे 'वाय'.

१९५९ साली एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्रॉंग यांनी अशाच तपासणीत एका पुरुषामध्ये सत्तेचाळीस गुणसूत्रे पाहिली. त्याच्यापाशी 'वाय' होते, पण 'एक्स' एकाऐवजी दोन होते. अशा पुरुषांच्या शरीरलक्षणांचे वर्णन अमेरिकेतील क्लाइनफेल्टर या डॉक्टराने १९४२ मध्येच केलेले होते. वृषण लहान, आणि वीर्यात बहुधा शुक्रजंतू नाहीत. कारण मात्र आता कळले. ही अवस्था दुर्मीळ नाही. जन्मणाऱ्या दर सहाशे-सातशे मुलग्यांत साधारणतः एक असा असतो, आणि बहुतेकांना ती लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत ठाऊकच नसते. पुष्कळांना जन्मभर ठाऊक होत नाही.

असे का घडते, हे समजण्यासाठी वृषणात शुक्रजंतू कसे घडतात ते पाहिले पाहिजे. शेचाळीस सूत्रांच्या पेशीपासून तेवीस सूत्रांचा शुक्रजंतू बनवावयाचा, म्हणजे प्रत्येक जोडी फोडून एकेक जोडीदार एकेका बाजूला पाठवावयाचा. त्यासाठी आधी जोडीदार एकमेकांना नीट ओळखून घट्ट धरतात, काही अंशांची अदलाबदल करतात, आणि मग दोन दिशांना ओढले जातात. फुगडी खेळणाऱ्या मुलींची आठवण व्हावी. हात घट्ट धरलेले असले तर तोल राहतो आणि सुटताना दोघी दोन बाजूंना जातात. पण 'एक्स' आणि 'वाय' ही जोडी विजोड आहे. एक उंच, एक ठेंगणे. ती एकमेकांना केवळ टोकापाशी, जणू बोटांच्या टोकांनी, धरू शकतात. पकड वेळेआधी सुटली की दोघेही एकाच बाजूला जाऊन पडतात. मग एका शुक्रजंतूत 'एक्स' व 'वाय' दोन्ही, आणि दुसऱ्यात दोन्हींपैकी एकही नाही. पहिल्या शुक्रजंतूपासून जो मुलगा होईल तो क्लाइनफेल्टर अवस्थेचा. दुसऱ्यापासून गर्भ राहिला तर तो बहुधा पडून जातो. क्वचित टर्नर अवस्थेची, ठेंगण्या चणीची व बहुधा अपत्यहीन राहणारी मुलगी जन्मते.

येथे न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. मुलांत मतिमंदता आणणारी डाउन अवस्था एकविसावे सूत्र जादा आल्यामुळे होते, हे लज्यून या फ्रेंच डॉक्टराने १९५९ मध्येच दाखविले, आणि ते जादा सूत्र बहुतेक वेळा आईच्या बीजातून येते. तिचे वय वाढेल तसा तो संभव वाढतो. उलट क्लाइनफेल्टर अवस्थेत जवळजवळ निम्म्या वेळा चूक बापाकडची असते, आणि टर्नर अवस्थेत जे सूत्र हरवलेले असते ते बहुधा बापाकडून यावयाचे असते. कोणाच्या बीजात काय चुकले हा हिशेब आता मांडता येतो. त्यात दोघांच्या नावावर रकमा निघतात.

परंतु एवढ्याने काम भागत नाही. रक्तात शेचाळीस सूत्रे बिनचूक असूनही पुरुषाच्या शुक्रजंतूंत गोंधळ असू शकतो, कारण हा गोंधळ वृषणातल्या त्या शेवटच्या वाटणीत होतो. तेव्हा खुद्द शुक्रजंतूचीच सूत्रे पाहिली पाहिजेत. आणि नेमके हेच फार अवघड होते. शुक्रजंतूचे डोके मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे. त्यात सरळ केला असता सुमारे मीटरभर भरेल असा धागा कोंबलेला असतो. प्रवासास निघालेल्या माणसाने वळकटी करकचून बांधावी, तसा तो आवळलेला असतो. शुक्रजंतू स्वतः कधी विभागत नाही, म्हणून त्याची सूत्रे कधी सुटी होत नाहीत. ही वळकटी सोडण्याचे सामर्थ्य केवळ स्त्रीबीजाच्या अंगी आहे. मनुष्याची स्त्रीबीजे अशा कामी वापरावीत, हे कोणालाही रुचण्यासारखे नव्हते.

तोड काढली ती जपानमध्ये शिकून हवाई बेटावर स्थायिक झालेल्या यानागिमाची या प्राध्यापकांनी. हॅम्स्टर म्हणून उंदराच्या जातीचा एक लहान सोनेरी प्राणी आहे. त्याच्या स्त्रीबीजावरील कवच विरघळवून टाकले तर ते बीज परक्या जातीचा शुक्रजंतूही आत घेते, असे त्यांना आढळले. माणसाचा शुक्रजंतू अशा बीजात शिरतो हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७८ साली एलिझाबेथ रुडक, यानागिमाची आणि त्याच पूर्वीच्या पॅट्रिशिया जेकब्स यांनी या युक्तीने मानवी शुक्रजंतूंची गुणसूत्रे प्रथमच उघडी करून दाखविली. बीज पहिल्या विभाजनाला येऊन ठेपले की तेथेच त्याला थांबवावयाचे. हॅम्स्टरची बावीस सूत्रे एका बाजूला, माणसाची तेवीस दुसऱ्या बाजूला. यातून कोणताही जीव निर्माण होत नाही, आणि व्हावा असा हेतूही नसतो. तरीही या प्रयोगाचे वर्णन ऐकताना मन किंचित शहारते, हे कबूल केले पाहिजे.

कॅनडातील कॅल्गरी येथे रेने मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेहेतीस निरोगी पुरुषांचे एक हजार शुक्रजंतू या रीतीने तपासले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेकडा साडेआठ शुक्रजंतूंत गुणसूत्रांचा दोष होता. काहींत संख्या चुकलेली, काहींत सूत्र तुटलेले किंवा भलतीकडे जोडलेले. लक्षात घेण्यासारखे आहे की हे पुरुष निरोगी होते. म्हणजे कोणत्याही बापाच्या बीजात काही भाग सदोष असतोच. निसर्ग तेवढी नासधूस गृहीत धरूनच चालतो, आणि रोज कोट्यवधी शुक्रजंतू घडवितो. सदोष शुक्रजंतू दिसावयास वेडावाकडाच असतो असेही नाही. सुबक डोक्याचा, चपळ शेपटीचा शुक्रजंतू आत चोवीस सूत्रे घेऊन धावत असू शकतो. नुसत्या रूपावरून परीक्षा करणारे येथेही फसतात.

हॅम्स्टरची रीत कष्टाची. आणि ज्यांच्याविषयी खरा प्रश्न होता त्या वंध्य पुरुषांचे दुबळे शुक्रजंतू पुष्कळदा त्या बीजातही शिरत नसत. १९९० नंतर दुसरी रीत रूढ झाली. शुक्रजंतूचे डोके रसायनाने किंचित फुगवावयाचे आणि ठरावीक सूत्रालाच चिकटणारी, अंधारात चमकणारी द्रव्ये आत सोडावयाची. 'एक्स'ला एक रंग, 'वाय'ला दुसरा, एकविसाव्याला तिसरा. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिवाळीच्या पणत्यांसारखे ठिपके मोजावयाचे. एकाऐवजी दोन ठिपके दिसले की समजावे, वाटणीत चूक झाली आहे. एका माणसाचे हजारो शुक्रजंतू असे मोजता येतात. उणीव एवढीच की ज्या सूत्राला रंग लावला तेवढेच दिसते. तेवीसही एकदम दिसत नाहीत. या मोजणीतून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना असे आढळून आले की ज्यांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे असतात, त्यांच्या त्या थोड्यांतही वाटणीच्या चुका निरोगी पुरुषांपेक्षा अधिक असतात, विशेषतः 'एक्स-वाय'च्या जोडीत. कारखान्यात माल कमी निघतो आणि जो निघतो त्यातही खोट अधिक, असा हा दुहेरी तोटा आहे.

आणखी एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्यात माणसे वर्षानुवर्षे विनाकारण पोळतात. काही पुरुषांत दोन सूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन बसलेले असतात. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली. समजा, अशा एका ग्रंथालयात दोन निराळे ग्रंथ बांधताना बांधणाऱ्याच्या हातून एकाची काही पाने दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पहिल्यात शिवली गेली. दोन्ही ग्रंथ एकाच कपाटात आहेत तोवर एकही पान हरवलेले नाही. वाचणाऱ्याला सारा मजकूर मिळतो. अशा पुरुषाची प्रकृती उत्तम असते, ती याचमुळे. परंतु खेड्यात पाठवावयाच्या पेटीत त्यांतला एकच ग्रंथ गेला, तर तेथील वाचकाला काही पाने दोनदा मिळतील आणि काही मुळीच मिळणार नाहीत. शुक्रजंतूत तेच घडते. गर्भ राहतो आणि पडतो, पुन्हा राहतो आणि पुन्हा पडतो. गावात कुजबूज सुरू होते ती सुनेच्या पायगुणाची. नवऱ्याच्या थोड्याशा रक्ताची तपासणी केली तर बांधणीतली ही चूक दिसून येते; पण त्याचे रक्त काढावे हे पुष्कळ घरांत कोणाला सुचत नाही. आणि अशा जोडप्यांना निरोगी मूल होऊच शकत नाही असे नाही; योग्य तीच पाने एकत्र आलेले शुक्रजंतूही त्यांत असतात.

'वाय' सूत्राच्या लांब बाहूचा एखादा अंशच गळून गेलेला असणे, हे पुरुषाच्या वंध्यत्वाचे आणखी एक ठळक कारण. इटलीतील तिएपोलो व झुफार्दी यांनी १९७६ मध्ये शुक्रजंतू मुळीच नसलेल्या सहा पुरुषांत तो बाहू तुटका असल्याचे पाहून तेथे शुक्रजंतू घडविणारा काही घटक असला पाहिजे, असे अनुमान केले. पुढे त्या भागाचे तीन विभाग निश्चित झाले. पुष्कळदा गळालेला अंश इतका लहान असतो की सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही. रासायनिक परीक्षेनेच कळतो. या परीक्षेचा उपयोग प्रत्यक्ष आहे. पहिला किंवा दुसरा विभाग संपूर्ण गळालेला असेल तर वृषणात शुक्रजंतू सापडण्याची आशा जवळजवळ नसते, आणि शस्त्रक्रियेचा खर्च व यातना दोन्ही वाचतात. तिसरा गळालेला असेल तर थोडे शुक्रजंतू बहुधा मिळतात. परंतु त्यांपासून मुलगा झाला तर तोच तुटका 'वाय' त्याच्या वाट्याला येणार, आणि बापाचे दुःख मुलापुढे वाढून ठेवले जाणार.

हा प्रश्न पूर्वी उद्भवतच नव्हता. ज्याला शुक्रजंतू नाहीत त्याचा वंश तेथेच थांबे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली परीक्षानळीतल्या गर्भधारणेतून मुलगी जन्मली, तेव्हा ही पद्धती मुख्यत्वे स्त्रीच्या गर्भनलिकेतील अडथळ्यावरचा उपाय होती. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे पालेर्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ घडविल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुरुषांच्या वंध्यत्वावर प्रथमच खरा उपाय हाती आला. क्लाइनफेल्टर अवस्थेतल्या पुरुषांनाही, शस्त्रक्रियेने वृषणात शोध घेतला असता, निम्म्याच्या आसपास वेळा काही शुक्रजंतू मिळतात. ज्यांना डॉक्टरांनी जन्मभराचा नकार सांगितला होता अशांच्या घरी पाळणा हलला, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण निसर्गाच्या वाटेत ज्या शर्यती होत्या त्या सुईने ओलांडल्या गेल्या. कोणता शुक्रजंतू आत जावा हे आता दुर्बिणीपाशी बसलेला माणूस ठरवितो, आणि त्याला दिसते ते केवळ रूप. म्हणून सुईचा उपाय करण्यापूर्वी पतीच्या रक्तातील सूत्रांची आणि 'वाय'ची परीक्षा व्हावी, असे जाणते डॉक्टर सांगतात. जाहिराती देऊन अपत्याची हमी देणारी जी दुकाने अलीकडे शहरोशहरी निघाली आहेत, तेथे ही परीक्षा झाली की नाही हे जोडप्याने स्वतः विचारून घेतलेले बरे.

या विद्येला दुसरेही एक काळे अंग आहे. शुक्रजंतूंत 'एक्स'वाले कोणते आणि 'वाय'वाले कोणते हे ओळखता येऊ लागल्यावर, ते वेगळे करून मुलगाच मागून घेण्याचा मोह झाल्याशिवाय कसा राहील? महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात सर्वांआधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची ही निवडही गुन्हा ठरविली. पित्याच्या बीजानेच मुलगी येते हे कळल्यावर आईला बोल लावणे थांबेल, अशी अपेक्षा होती. ते थांबण्याऐवजी मुलीलाच दाराबाहेर थांबविण्याचे साधन लोकांनी त्यातून शोधले.

वंध्य पुरुषाच्या दृष्टीने मुख्य अडचण अजून सुटलेली नाही. २०१२ मध्ये एकेका शुक्रजंतूतील संपूर्ण आनुवंशिक मजकूर वाचून दाखविण्यात आला. हॅम्स्टरची गरज राहिली नाही. परंतु वाचण्यासाठी शुक्रजंतू फोडावा लागतो. रंगीत ठिपक्यांच्या रीतीतही तो आधी मारावा लागतो. ज्याची तेवीस सूत्रे आपण बिनचूक पाहिली तो गर्भधारणेच्या कामी येत नाही, आणि जो सुईने आत सोडावयाचा त्याची सूत्रे पाहता येत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी हजारांवरून त्या एकाविषयी अटकळ बांधावी लागते. पत्नीला अनेकवार गर्भपात झालेला असेल किंवा पतीच्या शुक्रजंतूंत चुकांचे प्रमाण फार निघाले, तर गर्भ पाच-सहा दिवसांचा झाल्यावर, ज्या भागापासून पुढे वार बनते तेथील थोड्या पेशी काढून त्यांची सूत्रे मोजतात आणि मगच गर्भ आईच्या उदरात ठेवतात. त्याचा खर्च सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. शुक्रजंतूंची साधी मोजणी मात्र पुष्कळशा सरकारी रुग्णालयांत अल्प खर्चात होते, आणि तिच्यासाठी पतीला एका सकाळची रजा पुरते.